तांदळावर न मावणारं नाव

"पूना से आए हुए प्रमोद थोरात साब, जहाँ भी हों, गेट के पास तशरीफ़ लाइए! आपके दोस्त परेशान हैं!"

हैदराबादच्या नुमाइशीतला, त्या मोठ्या जत्रेतला, लाउडस्पीकर तिसऱ्यांदा ओरडला, आणि माझ्या टेबलासमोर बराच वेळ उभा असलेला तो उंच माणूस तिसऱ्यांदा दचकला. जागचा मात्र हलला नाही.

"तुम्हीच का ते?" मी मान वर न करता विचारलं.

"हो… म्हणजे, दुर्दैवानं."

"मग जा ना. दोस्त परेशान आहेत."

"होऊ देत. तुमचं हे 'श्रीनिवास' पूर्ण होऊ दे. तो 'स' कुठे बसवता, ते बघायचंय मला."

'स' कुठे बसवायचा हे मला माहीत होतं. गेली दोन वर्षं मी नामपल्लीच्या नुमाइशीत तांदळाच्या दाण्यावर नावं लिहीत होते. एका बाजूला काश्मिरी शाली, दुसऱ्या बाजूला मिरची भज्यांचा घाणा, मध्ये माझं दोन फुटी टेबल. त्यावर दिवा, भिंग आणि तीन केसांचा ब्रश. वर पाटी, चार लिप्यांत. उर्दू, तेलुगू, इंग्रजी, आणि सगळ्यात खाली, जागा उरली तेवढ्यात, मराठी.

"ती मराठी ओळ कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"तुमच्यासारख्या हरवलेल्यांसाठी," मी म्हटलं, आणि दाणा काचेच्या नळीत सोडला. 'स' बसला होता.

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो एका बोटानं वर ढकलायचा. हे मी तेव्हाच पाहून ठेवलं. उगाच खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी तो परत आला. आत्याचं नाव लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी काकांचं. मग शेजाऱ्यांचं, मग शाळेतल्या बाईंचं, आणि शुक्रवारी म्हणाला, "मोती लिहा."

"मोती कोण?"

"आमचा कुत्रा."

"कुत्रा गळ्यात तांदूळ घालणार?"

"का नाही? पुण्याचा आहे. त्याला कलेची कदर आहे."

"हौ, दिसतंय. घरातली माणसं संपली वाटतं."

"'हौ' काय! किती गोड बोलता तुम्ही मराठी."

"तुमच्यासारखं इस्त्री केलेलं नक्को बाबा. आम्ही हैदराबादी. बोलतो ते समजलं ना? बस."

मग त्यानं ते विचारलं… जे विचारायला आठवडाभर घोटाळत होता. "तुमचं नाव? तेही लिहून द्या की एक."

"माझं मावत नाही."

आणि ते खरं होतं. प्रियदर्शिनी. आठ दाणे फुकट घालवले होते मी त्यापायी. शेवटची 'नी' दरवेळी दाण्याखाली घसरायची. साऱ्या हैदराबादची नावं मी तांदळावर बसवली, माझं तेवढं राहिलं. तो हे ऐकून एवढा हळहळला, जसा काही त्याचाच दोष होता.

इथे माझं थोडं सांगते. आम्ही बिरादार, मूळचे भालकीकडचे शेतकरी, आता चिक्कडपल्लीत. बाबा, म्हणजे नामदेवराव, वीज कचेरीत. मी कला महाविद्यालयातून चित्रकला शिकून बाहेर पडले होते, आणि घरात कुणाला कळत नव्हतं की पुढे या पोरीचं करायचं काय. ते १९९८ साल होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होतं, आणि मी रंगाचे हात घेऊन हिंडत होते. शेवटी बाबांनी निकाल दिला. "हे बघ. त्या इंदुताईंची शिष्यवृत्ती मिळाली, तर एक वर्ष तुझं. आम्ही तोंड उघडणार नाही. नाही मिळाली, तर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, आणि भालकीचं स्थळ बघायचं."

आई, सुशीलाबाई, मागून म्हणाली, "मुलगा चांगला आहे हं. नुसता थोडा जाडा आहे."

इंदुताई मोठ्या चित्रकार. बरकतपुऱ्यात राहायच्या. त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी मिळून दरवर्षी एका मुलीला, एकाच, शिष्यवृत्ती द्यायच्या. वर्षभर रंग, कॅन्व्हास, ताईंच्या गच्चीवरची उजेडाची खोली, दर शनिवारी ताई स्वतः समोर बसणार, आणि शेवटी प्रदर्शन. त्या एका जागेसाठी चाळीस जणींचे अर्ज होते. माझी मुलाखत नुमाइश संपल्यावर दोन दिवसांनी होती. मी झोपेतही तीच खोली बघत होते.

हे सगळं मी प्रमोदला सांगून टाकलं. टेबल आवरून नामपल्लीच्या बस स्टॉपपर्यंत जाताना. तो सायकलवाल्यांना चुकवत, माझी दिव्याची पिशवी हातात घेऊन चालायचा. दोन-चार दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"आणि तू काय करतोस रे दिवसभर?"

"कुकटपल्लीत बसून सालं दुरुस्त करतो."

"म्हणजे?"

"जुन्या लोकांनी कॉम्प्युटरमध्ये जागा वाचवायला सालाचे पहिले दोन आकडे गाळून टाकले. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचं नुसतं अठ्ठ्याण्णव. आता दोन हजार साल आलं की यंत्राला कळणार नाही हे शतक कुठलं. सगळा गोंधळ! म्हणून आम्ही एकेक जागा शोधून ते दोन आकडे परत बसवतो. लाखो जागा आहेत, प्रियदर्शिनी."

माझं अख्खं नाव. कुणीच घेत नसे. घरी मी 'प्रिया', कॉलेजात 'दर्शी', मामाकडे 'पिऊ'. त्याच्या तोंडून पाचही अक्षरं सावकाश बाहेर आली, आणि माझी बस निघून गेली. पुढची येईपर्यंत आम्ही स्टॉपवरच उभे राहिलो. मला ती येऊच नये असं वाटत होतं.

नुमाइशीचा शेवटचा दिवस. गर्दी एवढी की शालवाला माझ्या टेबलावर येऊन टेकलेला. प्रमोद आला तो नवा शर्ट घालून. कानाच्या पाळ्या लाल.

"आज शेवटचं नाव," तो म्हणाला. "ऋचा."

आत्या झाली, काका झाले, कुत्राही झाला… आता ही कोण उपटली? पण धंदा तो धंदा. मी इतकं सुंदर 'ऋचा' लिहिलं, इतकं सुंदर, की मलाच माझा राग आला. दोन अक्षरं. दाण्यावर ऐसपैस बसली, वर जागा उरली.

"घे. कोण आहे ही?"

त्यानं चष्मा वर ढकलला. "तू."

"काय?"

"म्हणजे… तू हो म्हणालीस तर. लग्नानंतर. आपल्याकडे नवरा नवीन नाव ठेवतो ना, ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं लिहून? मी आठवडाभर शोधत होतो. तुझं नाव तांदळावर मावत नाही, म्हणून तुला वाईट वाटतं ना? हे बघ, हे मावतं!"

तो इतका खूश होता! जगातली सगळ्यात गोड मागणी आपण घातली अशा आनंदानं बघत होता माझ्याकडे. आणि मला… मला रडूही आलं आणि रागही. कारण आधीचं ते 'तू' ऐकून माझं मन 'हौ' म्हणून मोकळं झालं होतं, आणि पुढच्या वाक्यानं ते परत घ्यावं लागलं.

"तांदूळ छोटा आहे म्हणून मी माझं नाव कापू?" मी म्हटलं. "मावत नव्हतं तरी माझं होतं ते, प्रमोद. उद्या मला शिष्यवृत्ती मिळाली, तर चित्राखाली सही कुणाची करू? ऋचाची? तिला मी ओळखतही नाही!"

"अगं, पण सगळेच तर—"

"जा तू."

"प्रियदर्शिनी…"

"जा म्हटलं ना!"

तो गेला. नळी मुठीत धरून. लाउडस्पीकरवर कुणा दुसऱ्याच हरवलेल्याचं नाव पुकारत होते.

मुलाखतीला मी सुजलेल्या डोळ्यांनी गेले. इंदुताई बुटक्या, पांढरे केस कापलेले, बोटं निळी. एकेक चित्र उलटून बघितलं. मग एकदम विचारलं, "सही कुठल्या नावानं करणार?"

आणि मी, मूर्खासारखी, हमसून हमसून रडायलाच लागले. सगळं सांगून टाकलं. तांदूळ, कुत्रा, ऋचा, सगळं. चहा घेऊन आलेले त्यांचे यजमान, एकनाथराव, दारात ट्रे धरून तसेच उभे राहिले.

ताई हसल्या नाहीत. उठून त्यांनी एक जाड पुस्तक आणलं, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. जुन्या चित्रकारांची यादी होती. एका ओळीवर त्यांचं निळं बोट होतं. 'कुमुद. अधिक माहिती नाही. लवकर निधन झाले असावे.'

"ही मी," ताई म्हणाल्या.

मी ती ओळ परत वाचली.

"लग्नाआधी सात वर्षं रंगवलं मी. सगळ्यावर सही 'कुमुद'. मग लग्न झालं, इंदु झाले. घर बदललं, गावं बदलली, ती चित्रं कुठे कुठे गेली. आता कुणाला सांगितलं की हे माझं आहे, तर लोक मला वेड्यात काढतात. पुराव्याला काही नाही. माझी सगळ्यात चांगली चित्रं एका मेलेल्या बाईच्या नावावर आहेत, पोरी. म्हणून ही शिष्यवृत्ती. अट एकच, ज्या नावानं अर्ज, त्याच नावानं जन्मभर सही."

एकनाथरावांनी ट्रे हळूच टेबलावर ठेवला आणि आत गेले.

आठवड्यानं पत्र आलं. लिफाफ्यावर टंकलेलं, अख्खं, 'कुमारी प्रियदर्शिनी नामदेवराव बिरादार'. बाबांनी ते तीनदा मोठ्यानं वाचलं. तिसऱ्यांदा जिन्यात जाऊन वाचलं, खालच्या रेड्डीगारूंना ऐकू जावं म्हणून. जाड्या मुलाला आईनं नकार कळवला आणि मी गच्चीवरच्या खोलीत पाऊल टाकलं.

पहिल्याच शनिवारी ताईंनी माझा तीन केसांचा ब्रश काढून घेतला आणि हातात केरसुणी दिली.

"झाडू, ताई?"

"रंगव. तांदळावर लिहून लिहून खांदा आखडलाय तुझा. मनगटानं नको, खांद्यानं रंगव. जागा मिळाली आहे ना? मग घे की!"

पहिला महिना मी नुसते पट्टे ओढले. अब्बा, काय दुखायचा हात! चुकलं की ताई ओरडायच्या, जमलं की नुसत्या "हं" म्हणायच्या. त्या एका 'हं'साठी मी जीव टाकायचे.

मार्चमध्ये एके दुपारी बेल वाजली. मी जिन्यात होते, खाली दारात प्रमोद. मी कठड्यामागे बसून राहिले.

"मला प्रियदर्शिनीची माफी मागायची आहे," तो ताईंना म्हणाला.

"तो कुत्रेवाला का तू? काम काय करतोस?"

"प्रोग्रॅमर आहे. ते जुन्या लोकांनी… जागा वाचवायला सालाचे दोन आकडे कापले ना, ते परत…"

आणि तो थांबला. वाक्याच्या मध्येच. मी कठड्यातून वाकून बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता आणि त्याचे कान लालभडक झाले होते.

"बाप रे," तो शेवटी हळूच म्हणाला. "मीही तेच केलं."

"आत्ता पेटला दिवा," ताई म्हणाल्या. "माफी वगैरे राहू दे. हरवलेलं परत बसवता येतं ना तुला? मग मला एक बाई शोधून दे. कुमुद तिचं नाव."

आणि गडी लागला की कामाला! दर रविवारी वही घेऊन हजर. जुन्या शाळा, कचेऱ्या, ताईंच्या माहेरची माणसं… पत्रं लिहायचा, फोन बूथवर तासन् तास उभा राहायचा, सुट्टी काढून औरंगाबादपर्यंत जाऊन आला. चित्राच्या मागची चिठ्ठी, जुना फोटो, ताईंच्या बाबांचं पत्र, एकेक पुरावा जोडत गेला. ताईंना अहवाल देताना माझ्याकडे बघायचा नाही. मी मात्र रविवारी नेमकी खालच्या खोलीत ब्रश धुवायला यायचे. चार वेळा. सात वेळा. माझे ब्रश हैदराबादेत सगळ्यात स्वच्छ होते.

"आज चष्मा नवीन?" एकदा मी विचारलंच.

"जुना घसरायचा."

"तो बरा होता."

पुढच्या रविवारी तो जुना चष्मा घालून आला. तेवढंच. नाव, लग्न, तांदूळ… एक शब्द त्यानं काढला नाही. मला वाटायचं, काढ ना आता एकदा! पण बोलायला मीही तयार नव्हते. माझं चित्र पुरं व्हायचं होतं.

जानेवारीत प्रदर्शन भरलं. माझं मोठं चित्र अख्खी एक भिंत व्यापून होतं. नुमाइशीतल्या बाया. बांगड्या भरणाऱ्या, शालींना हात लावून बघणाऱ्या, भजी खाऊन बोटं चाटणाऱ्या, पाळण्यात किंचाळणाऱ्या, सगळ्या माणसाएवढ्या. खाली उजव्या कोपऱ्यात, वीतभर उंचीची, लाल रंगात सही. पाचही अक्षरं. 'नी'ला शेपूट काढायला जागाच जागा. आई त्या चित्रातल्या एका बाईसमोर थांबली आणि म्हणाली, "अगं, ही तर मीच!" आणि तिथून हलेचना. वर्तमानपत्रवाले आले, दोन चित्रं पहिल्याच दिवशी विकली गेली, आणि बाबा येईल त्याला सांगत होते, "माझी पोरगी. पूर्ण नाव लिहा हां, शॉर्टकट नक्को."

समोरच्या भिंतीवर नऊ छोटी चित्रं होती. प्रत्येकाखाली चिठ्ठी, 'कुमुद, म्हणजेच इंदु'. प्रमोदनं नऊ शोधून काढली होती. ताई त्यांच्यासमोर उभ्या होत्या, निळी बोटं तोंडावर धरून. मला कधी 'हं'पलीकडे काही न देणाऱ्या ताई ढसाढसा रडत होत्या. मग त्यांनी मला ओढून घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, "बघ, मेले नव्हते मी."

गर्दी ओसरल्यावर प्रमोद माझ्यापाशी आला. खिशातून तीच काचेची नळी काढली. आतला दाणा कोरा होता.

"ते नाव मी काढून टाकलं," तो म्हणाला. "हा नवा तांदूळ आहे. काही लिहिलेलं नाही. तुला हवं ते लिही… नाहीतर काहीच लिहू नकोस."

आवाज मी मुद्दाम कडक केला. "एवढ्याशा दाण्यावर माझं काय लिहिणार? तुला ठाऊक आहे ना, मावत नाही."

"मग मी काय करू, प्रियदर्शिनी?"

"ताट आण," मी म्हटलं. "मोठं."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्याचा चष्मा जो घसरला, तो थेट खालीच पडला.

मे महिन्यात, चिक्कडपल्लीच्या हॉलमध्ये लग्न झालं. पुण्याची मंडळी, भालकीची मंडळी, रेड्डीगारू, शालवाला, सगळे. सासूबाईंना प्रमोदनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्या जरा फुरंगटल्या होत्या, पण प्रदर्शन संपायच्या आत येऊन माझ्या सहीसमोर उभं राहून फोटो काढून घेतल्यापासून निवळल्या. ताट आलं ते एवढं मोठं की दोघांनी धरून आणावं लागलं. गुरुजी म्हणाले, "लिहा, वधूचं नवीन नाव."

"नवीन नाही," प्रमोद म्हणाला. "हेच."

आणि अंगठी धरून त्यानं लिहायला सुरुवात केली. या काठापासून त्या काठापर्यंत. वेलांट्या, रफार, काही सोडलं नाही. 'नी' लिहिताना चार दाणे ताटाबाहेर उडाले, पण अक्षर पुरं झालं. सासूबाईंनी खणखणीत आवाजात नाव वाचलं, हॉलभर टाळ्या झाल्या, आणि मी माझ्याच लग्नात इतकी मोठ्यानं हसले की आईनं मला चिमटा काढला.

पेढे फिरायला लागले तेवढ्यात एकनाथराव उठून पुढे आले. चाळीस वर्षांत त्या माणसाला चार लोकांत बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी प्रमोदसमोर हात पुढे केला. "अंगठी जरा देता?"

मग तळव्यानं ताटातले तांदूळ नीट सारखे केले, आणि वाकून तीन अक्षरं लिहिली. कुमुद.

"उशीर झाला," ते ताईंना म्हणाले. "पण मीच पुसलं होतं ना, म्हणून मीच लिहायला पाहिजे."

इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. मग एक पेढा उचलला, अर्धा मोडून एकनाथरावांच्या तोंडात घातला आणि म्हणाल्या, "हं."